देस्पिनाकाकूचा गार्ड आणि एडक्याची घंटा

देस्पिनाकाकूला मोटरसायकल चालवता येते, थांबवता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मध्ये बोलायला नको.

चालत्या गाडीवर तिचा हात धरेल असा आमच्या चेरेशोवोत कुणी नाही. ओर्लित्साच्या चढावर, जिथं बाकीचे दोन्ही पाय खाली सोडून बदकासारखे सरकतात, तिथं ही उभ्यानं गाडी नेते आणि वर सूर्यफुलाच्या बिया चघळत टरफलं थुंकत असते. मला गाडी तिनंच शिकवली. मी नववीत शाळा सोडली तेव्हा जो तो मला सल्ले देत होता, हिनं नुसती चावी दिली. त्यामुळे तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी त्याला तिथंच झापते. वाकडं बोलायला मी आहे ना.

तर, थांबणं. काकू माझ्या खांद्याला लागते. गाडी सातशे सीसीची ॲडव्हेंचर बाईक, सीट जवळजवळ काकूच्या बरगडीला. गाडी थांबली की आधी तिचा डावा पाय जमीन शोधतो. मग उजवा शोधतो. तोवर जमीनच वर येऊन दोघांना भेटते. पडते पण ती धाडकन नाही. म्हैस कशी दमानं बसते, तशी गाडी बसते, आणि काकू शेजारी उतरून उभी. लागत बिगत काही नाही. आणि पडल्याबरोबर कारण तयार. वारा आला. दगड हलला. बकरी आडवी आली. एकदा तर भर चौकात, जिथं बकरी नाही की दगड नाही, तिथं म्हणाली, "चर्चची घंटा वाजली ना, दचकले."

"मग बुटकी गाडी घ्या की," असं गावातल्या सगळ्यांचं सांगून झालंय. काकूचं उत्तर ठरलेलं. "जन्मभर पोस्टाची मोपेड चालवली. तिच्यावर बसलं की बकऱ्यासुद्धा माझ्याकडे खाली बघायच्या. आता मी बघणार."

पोस्टातून रिटायर झाली, पण टपाल बंद झालं तरी तिचं ओर्लित्साला जाणं बंद झालं नाही. वर सातआठ घरं उरलीत, सगळी म्हातारी माणसं. रस्ता धसल्यापासून दुकानाची व्हॅन वर जात नाही. मग ही एक दिवसाआड पाव नेते, गोळ्या नेते, चष्मे दुरुस्त करून नेते. भाडं विचारलं तर शिव्या घालते.

आमची दहाबारा गाडीवाल्यांची टोळी आहे आणि तिचा मुकादम लेफ्तेरकाका. आधी स्मोल्यानच्या बसवर ड्रायव्हर होता. मिशा एवढ्या, की हेल्मेट घालताना आधी त्या आत ढकलाव्या लागतात. काकू आणि तो शाळेत एका बाकावर बसायचे, तेव्हापासूनचं भांडण अजून संपलं नाही. लेफ्तेरकाकाचा एकच अभिमान: माझी गाडी आजवर पडली नाही. आणि क्रॅश गार्डचं नाव काढलं की त्याच्या मिशाच थरथरतात. "गार्ड लावणं म्हणजे पडण्याला जेवायला बोलावणं! ज्याला चालवता येतं त्याला गार्ड कशाला?"

घंटेची कल्पना त्याचीच. त्याच्या आजोबाचा कळप वर ओर्लित्साला असायचा, त्यातल्या म्होरक्या एडक्याच्या गळ्यातली पितळी घंटा. चांगली दोन मुठींएवढी. वाजली की पलीकडच्या डोंगरावरची माणसं मान वळवतात. टोळीत जो पडेल त्याच्या गाडीला ती बांधायची, आणि दुसरा कुणी पडेपर्यंत त्यानं तशीच वाजवत फिरायचं. पहिल्या वर्षी नुसती भांडणं झाली. मी पडलो नाही, टेकलो. मी टेकलो नाही, वाकलो. शेवटी लेफ्तेरकाकानं ब्रश घेतला आणि खानावळीच्या दारावर नियम रंगवून टाकला: "हँडलचं टोक जमिनीला टेकलं आणि टोळीतल्या कुणी पाहिलं, की घंटा त्याची. कसं, का, कुणामुळे, हे विचारलं जाणार नाही."

ती शेवटची ओळ कुणासाठी होती हे सगळ्यांना कळलं. काकूलाही कळलं. ती म्हणाली, "अक्षर मात्र अजून तिसरीतलंच आहे हो तुझं."

त्यानंतर घंटा लेफ्तेरकाका सोडून सगळ्यांकडे फिरली, पण बाकीच्यांकडे पाहुणी. राहायला काकूकडे.

आणि मग गेल्या वर्षीचा संत इल्याचा सण. खोऱ्यातल्या सगळ्या गावच्या मोटरसायकली चॅपलच्या अंगणात, कढयांत मटण रटरटतंय, पाद्रीबाबा तुळशीची जुडी पाण्यात बुडवून गाड्यांवर शिंपडत येतायत, सगळे माना खाली घालून गप्प. पाद्रीबाबांनी जुडी जरा जोरात झटकली, पाणी काकूच्या डोळ्यात गेलं, काकूनं डोळा पुसायला हात सोडला, आणि झालं. घंटा अशी वाजली की मागे झोपलेलं एक पोर किंचाळून उठलं. पाद्रीबाबांना वाटलं प्रार्थना संपली, ते "आमेन" म्हणाले. कुणी तरी फाजिलानं व्हिडिओ काढला. त्यात बाबा आमेन म्हणतात आणि काकू आडवी होते. अख्ख्या खोऱ्यानं तो बघितला. शेजारच्या गावात काकू दिसली की पोरं नुसतं "आमेन!" ओरडायची.

काकू हसून घालवते सगळं. हे नाही घालवलं. यंदा चेरी लागल्या तेव्हा मला झाडाखाली बोलावलं आणि म्हणाली, "रुमे, या सणाला तिथं सगळ्यांसमोर पुन्हा ती घंटा माझ्या गाडीला बांधली गेली, तर मी गाडी विकणार."

"काहीतरीच!"

"विकणार म्हणजे विकणार. कोंबड्या पाळीन."

"आणि ओर्लित्साचा पाव?"

"लेफ्तेरला सांग न्यायला. तो पडत नाही ना."

मला हसू येईना. ती गाडीशिवाय म्हणजे काय, मला डोळ्यांसमोर आणताच येईना.

"मग पडू नका," मी म्हटलं. मूर्खासारखंच बोलले.

"नको पडू म्हणे! तू श्वास नको घेऊ." मग तिनं मला ओढत खानावळीपाशी नेलं आणि दारावर बोट ठेवलं. "वाच."

"पाठ आहे मला."

"यात 'पडणं' कुठं लिहिलंय दाखव."

नव्हतंच लिहिलेलं. हँडलचं टोक लिहिलं होतं.

"म्हणजे मी पडायचं," काकू बी फोडत म्हणाली, "हँडलनं नाही पडायचं."

तिथून गार्डची शोधाशोध सुरू झाली. पहिल्यांदा प्लोवदिवला गेलो, गाड्यांच्या सामानाचं मोठं दुकान आहे तिथं. मी म्हटलं, बसनं जाऊ. काकू म्हणाली, गाडीचं सामान आणायला गाडीनंच जायचं. दुकानाच्या दारात दोन नव्या कोऱ्या गाड्या लावलेल्या. काकू बरोबर त्यांच्या मधे थांबली. थांबली म्हणजे तुम्हाला कळलंच. विक्रेता पोरगा पांढरा पडून बाहेर धावला.

"मॅडम! लागलं का?"

"अजून नाही. म्हणून तर आले. गार्ड दाखव."

पोरगा चांगला होता, त्यानं नीट दाखवलं. हा फक्त खालचा, इंजिन वाचवतो. हा वरचा, टाकी आणि प्लॅस्टिक वाचवतो. हा दोन्ही जोडलेला, वजनाला जड. हा स्टीलचा, हा चकचकीत, गंजत नाही. काकूनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडी आडवी झाल्यावर हँडलचं टोक जमिनीपासून किती वर राहतं?"

पोरगा थांबला. "असं कुणी विचारत नाही, मॅडम."

"मी विचारतेय ना."

"लोक रंग विचारतात."

"काळा. आता टोकाचं सांग."

"अहो, पण हँडलला काय होतंय? लिव्हर तुटलं तर नवं बसतं. गार्ड इंजिनासाठी असतो."

"माझं इंजिन धडधाकट आहे. माझी अब्रू धोक्यात आहे. आडवी कर ती गाडी."

तो नाही नाही म्हणत होता. मी म्हटलं, दादा, तुम्ही नाही केलीत तर ती चालवून दाखवेल. मग मात्र त्यानं पटकन पुठ्ठे आणले. दोन्ही जोडलेला गार्ड बसवलेली गाडी आम्ही तिघांनी मागच्या अंगणात अलगद आडवी केली. काकू पोटावर झोपली, गाल जमिनीला लावला, आणि हँडलच्या टोकाखाली सूर्यफुलाची बी सरकवून बघितली. गेली नाही. दुसरी जरा बारीक घेतली. तीही गेली नाही.

"टेकतंय," ती झोपूनच म्हणाली. "हा नको."

"जरा बाहेर आलेला रुंद गार्ड असेल तर?" मी विचारलं.

"तर वळणावर झुकल्यावर तोच रस्त्याला घासेल," पोरगा म्हणाला. "धोक्याचं आहे ते."

"मी वळणावर पडत नाही रे बाबा," काकू कपडे झटकत उठली. "मी थांबल्यावर पडते."

पोरानं तिच्याकडे बघितलं, दारात आडव्या झालेल्या तिच्या गाडीकडे बघितलं आणि आमच्याकडे होकाराला हलवतात तशी मान डावीउजवीकडे हलवून हो म्हटलं. निघताना त्यानं आपणहून दोन गोष्टी सांगितल्या. गार्ड आणि इंजिनाच्या मधे बोटं जातील एवढी जागा ठेवा. आणि अगदी दगडासारखा ताठ करू नका, थोडं वाकू दे त्याला, नाहीतर सगळा दणका बोल्टांवर येतो. काकूनं त्याच्या ओंजळीत बिया ओतल्या.

म्हणजे आता करून घेणं आलं. आणि आमच्याकडे लोखंड वाकवणारा एकच, झ्लातीदादा. टोळीतलाच. फाटकं करतो, जिन्याचे कठडे करतो, पण त्याचं खरं नाव कबरींच्या कुंपणांसाठी. प्रत्येक कुंपणावर द्राक्षाचं एक पान ठोकतो. अख्ख्या दफनभूमीत द्राक्षाचा मळा झालाय.

काकू म्हणाली, "झ्लाती, एक गार्ड करायचाय."

"कुंपण? कुणाच्या कबरीला?"

"लेफ्तेरच्या."

झ्लातीदादानं टोपीच काढली. "अरे देवा! कधी गेला?"

"सणाला जाणार आहे. तू आधी दार लाव, सांगते."

सांगितल्यावर तो एवढा हसला की ऐरणीवर बसावं लागलं त्याला. पहिला गार्ड त्यानं घरात पडलेल्या पाण्याच्या पाइपाचा केला. काकूनं अंगणात गाडी थांबवली आणि गार्ड चीज भरून भाजतात त्या बानित्साच्या पातळ पोळीसारखा घडी पडून इंजिनाला जाऊन चिकटला. दुसरा त्यानं चिडून केला, बॉयलरच्या जाड पाइपाचा. त्याला चरासुद्धा पडला नाही, पण आतला बोल्ट कुंईकन वाकला. मी म्हटलं, तो पोरगा हेच सांगत होता. झ्लातीदादा म्हणाला, "पोरगा सांगतो, मग पोराकडून करून घ्या." रुसला. मग काकूनं त्याला पटाट्निक करून घातला, बटाटे किसून, पुदिना घालून, आणि तिसरा गार्ड झाला. वरखाली जोडलेला, दोन्ही बाजूंनी विताएवढा बाहेर, मधे बोटं जातील एवढी जागा, आणि पाइप असा की वाकेल पण घडी पडणार नाही.

उजव्या बाजूला द्राक्षाचं पान.

"हे काय?" काकू ओरडली. "मोटरसायकल आहे ही, मी मेले नाही अजून!"

"पान लावल्याशिवाय माझ्या हातून काम सुटत नाही, काकू."

"काप ते!"

"पान नाही तर गार्ड नाही. आणि पैसे नकोत मला. पान राहू दे."

पान राहिलं. त्याच्या देठाला त्यानं एक वेलाचं सूत काढलं होतं, गोल वळलेलं, आकड्यासारखं. हे लक्षात ठेवा.

मग अंगणात गाडी डावीकडे आडवी केली, उजवीकडे आडवी केली. आडवी म्हणजे अर्धवटच लवंडायची, रुसून बसल्यासारखी, आणि हँडलचं टोक चार बोटं वर तरंगायचं. काकूनं बी आणलीच नाही. बानित्साचा अख्खा तुकडा टोकाखालून एका बाजूनं सरकवला, दुसऱ्या बाजूनं काढला आणि खाल्ला. वर एक फायदा असा, की गाडी पूर्ण झोपतच नसल्यामुळे तिला पाठ लावून एकटीला उभी करता यायची. एवढंच झालं, की ती घराच्या फाटकातून आत जाईना. झ्लातीदादाला फाटकही रुंद करावं लागलं. त्यावरही पान आहे.

सणापर्यंत गार्डवर पोतं. लेफ्तेरकाकानं विचारलंच. "पोत्यात काय गं?"

"बटाटे."

"दोन्हीकडे?"

"मग काय एकीकडे घालू? पडेन ना."

सणाच्या आठवड्यात आणखी एक घडलं. झ्लातीदादा खानावळीसमोर एका बाईला सलाम करायला गेला आणि गाडी सोडून बसला. हँडलचं टोक खच्चकन मातीत. म्हणजे सणाला जाताना घंटा त्याच्याकडे, आणि काकू मोकळी. आता फक्त एक करायचं होतं: अंगणात सगळ्यांसमोर टोक टेकू द्यायचं नाही. टेकलं, की घंटा तिची आणि गाडी दुसऱ्याची.

चॅपलच्या आधीच्या वळणावर तिनं पोतं काढून माझ्याकडे दिलं. बिया चघळत नव्हती. तेव्हा मला कळलं की ती घाबरलीय. मी मागून म्हटलं, "काकू, मी आहे." ती म्हणाली, "तू असून काय, पाय लांब कर माझे."

अंगण भरलेलं. शेजारच्या गावची पोरं मोबाइल काढूनच उभी. "आमेन आली! आमेन आली!" लेफ्तेरकाका मिशांना पीळ देत मधे उभा. काकू सरळ त्याच्यासमोर जाऊन थांबली. डावा पाय शोधायला गेला. उजवा गेला. आणि म्हैस बसली.

"होऽऽ!" सगळं अंगण. झ्लातीदादा सवयीनं घंटा सोडायला वाकला.

"झ्लाती, आण ती घंटा!" लेफ्तेरकाका गरजला. "देस्पिने, तुझं सामान परत आलं बघ!"

काकू उठली, स्कर्ट झटकला. "टोक बघ."

"काय टोक?"

"हँडलचं. तूच लिहिलंयस ना? बघ वाकून. मिशा सांभाळ."

लेफ्तेरकाका वाकला. आधी नुसता, मग गुडघ्यावर, मग हातावर. टोकाखालून त्याला पलीकडची कढई दिसत होती.

"हे... हे काय लावलंयस तू गाडीला?"

"गार्ड. पडण्याला जेवायला बोलावलंय."

"हे चालणार नाही! पडली म्हणजे पडली! झ्लाती, सांग!"

झ्लातीदादाची मला दया आली. घंटा त्याच्या हातात. टेकलं म्हटलं तर तो सुटत होता. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्यानं एकदा घंटेकडे बघितलं, एकदा द्राक्षाच्या पानाकडे.

"टेकलं नाही," तो म्हणाला. "टेकणारच नाही. मी केलेलं काम आहे ते."

त्या दिवसापासून त्याच्याही विरुद्ध कुणी बोललं तर मी झापते.

लेफ्तेरकाका मात्र पेटला. "इथं उतार आहे! उतारामुळे दिसतंय तसं! गाडी आडवी झाली की हँडल टेकतंच, कुठलीही गाडी असो!"

"असं?" काकू म्हणाली. एकदम गोड आवाजात. शाळेच्या बाकावर त्याच्याशेजारी बसलेली बाई ती, तिला माहीत होतं की याला कुणी खोटं पाडलं तर हा जेवत नाही. "मला नाही वाटत. या जागी कुठलीच गाडी टेकणार नाही."

"नाही टेकणार? मी बस चालवलीय! मला शिकवतेस? थांब, दाखवतो!"

आणि त्यानं आपली गाडी आणली. त्याच जागी. जाकीट काढून खाली अंथरलं, टाकीला ओरखडा नको म्हणून. मग दोन्ही हातांनी धरून ती आजवर कधी न पडलेली गाडी हळूहळू, हळूहळू खाली निजवली. हँडलचं टोक गवतात रुतलं.

"बघा!" तो उभा राहून ओरडला. "टेकलं की नाही?"

"टेकलं," सगळे म्हणाले.

"स्पष्ट टेकलं?"

"स्पष्ट!"

"सगळ्यांनी पाहिलं?"

मी सगळ्यात आधी हात वर केला. मग झ्लातीदादानं. मग टोळीतल्या एकेकानं. लेफ्तेरकाकानं आमचे हात बघितले. मग त्याची नजर हळूच खाली, आपल्या गाडीवर गेली.

"मी पाडली नाही," तो म्हणाला. "ठेवली. दाखवायला ठेवली."

"कसं, का, कुणामुळे," काकूनं दारावरचं पाठ म्हटल्यासारखं म्हटलं, "हे विचारलं जाणार नाही."

पाद्रीबाबा तुळशीची जुडी घेऊन मागे उभे होते. ते म्हणाले, "आमेन."

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण काकूचं काही सरळ संपत नाही.

सणानंतर आम्ही दोघी पाव घेऊन ओर्लित्साला निघालो. घंटा नाही, काही नाही, गुपचूप. वरच्या कुरणात मेंढ्यांचा कळप असतो, त्याचे कुत्रे वासरांएवढे. काकूच्या गाडीमागून ते नेहमी शेपट्या हलवत पळायचे, मला वाटायचं पावाच्या वासानं. कसला पाव! घंटा ऐकून त्यांना वाटायचं आपला एडका आलाय. त्या दिवशी ते दगड सुटल्यासारखे आमच्यावर आले. माझ्या बुटाचा एक तुकडा अजून वरतीच आहे.

कसंबसं वर पोचलो तर ओर्लित्साच्या रुसीआजोबाचं फाटक बंद. तो जवळजवळ बहिरा, पण घंटेचा आवाज खालच्या वळणावरून त्याच्या कानात शिरायचा, आणि मग तो कॉफी चुलीवर ठेवून फाटकात उभा राहायचा. आम्ही घसा फोडून ओरडलो. शेवटी काकूनं पाव फाटकाला अडकवला. परत येताना बघतो तर अर्धा बकरीनं खाल्लेला आणि आजोबा तिथं उभा, हातात उरलेला अर्धा घेऊन.

"तू कधी आलीस?" तो म्हणाला. "घंटा वाजली नाही. मला वाटलं, मेलीस."

"मेले असते तर पाव कुणी आणला असता?"

"म्हणून तर घाबरलो!"

काकूनं खाली येताच गाडी बाजाराकडे वळवली. तिथून एक घंटा आणली, टिनची. कुत्रे आणखीच चवताळले. रुसीआजोबानं विचारलं, कुणाचं भांडं पडलं का.

इकडे लेफ्तेरकाकाचे हाल बघवत नव्हते. तो गल्लीत शिरला की खिडक्या उघडायच्या. एक मेंढी त्याच्यामागे घरापर्यंत चालत आली आणि जाईचना. कुणी काही बोललं की, "पडलो नाही, ठेवली होती!" घंटा उतरवायची तर दुसरं कुणी पडायला हवं, आणि नेमकं तेव्हा टोळीत कुणी पडेना. सगळे जपून चालवायला लागले होते.

एका दुपारी काकू खानावळीसमोर आली, चारचौघं बसलेले बघून थांबली, आणि लवंडली. टोक चार बोटं वर.

"टेकलं?" लेफ्तेरकाका आतून धावत आला. एवढी आशा मी त्याच्या तोंडावर कधी बघितली नव्हती.

"नाही," मी म्हटलं.

काकूनं गाडी उभी केली आणि दुसऱ्या बाजूला सोडली. पान मातीत रुतलं. टोक वरच.

"अगं जरा जोर लाव!" लेफ्तेरकाका म्हणाला.

"लावतेय ना! हा मेला झ्लातीचा गार्ड पडूच देत नाही!"

"मग घंटा माग ना सरळ!"

"मी मागू? तुझ्याकडे? तू दे ना सरळ!"

"मी नियम मोडू? मी लिहिलाय तो!"

दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले, तिसरीतल्या पोरांसारखे. माझं डोकं फिरलं. मी गाडीच्या पेटीतून पाना काढला, खाली बसले आणि डाव्या गार्डचे बोल्ट सोडायला लागले. पहिला घट्ट होता. लेफ्तेरकाका माझ्याशेजारी बसला आणि पान्यावर हात ठेवून जोर दिला. डावा गार्ड निघाला. मग काकूनं हँडल धरलं, मी मागचं कॅरिअर, लेफ्तेरकाकानं टाकीखाली हात घातला, आणि बाळाला पाळण्यात ठेवतात तशी आम्ही गाडी खाली निजवली. टोक मातीला टेकलं. काकूनं खाली बी सरकवून बघितली. गेली नाही.

"पाहिलं!" लेफ्तेरकाका एवढ्यानं ओरडला की मेंढी दचकली. "मी पाहिलं! कसं, का, कुणामुळे, विचारायचं नाही!"

घंटा त्यानं स्वतः बांधली. पानाच्या देठाला तो आकडा होता ना, त्यात ती अशी बसली की तिच्यासाठीच केल्यासारखी. झ्लातीदादा म्हणतो, तिच्यासाठीच केला होता. खोटं बोलतो.

डावा गार्ड आम्ही परत लावला. दुसऱ्या दिवशी पाव घेऊन वर गेलो. कुत्रे शेपट्या हलवत, दोन्ही बाजूंना पळत, आमची मिरवणूकच. फाटकात रुसीआजोबा उभा, चुलीवर कॉफी उतू चाललेली.

काकू थांबली. म्हणजे, डावा पाय शोधायला गेला.